उत्तर मुकुटातला नवतारा: तारखा सोडा, आकाश बघा

रूपविकारी | १८ मे २०२५, रात्री १०:४०

टी कोरोनी बोरिॲलिस या ताऱ्याचा स्फोट "आज रात्री" होणार असल्याचे निरोप गेलं वर्षभर व्हॉट्सॲपवर फिरताहेत. आधी २०२४ चा उन्हाळा सांगितला, मग सप्टेंबर, मग २७ मार्च २०२५. सगळे मुहूर्त टळले. आता १० नोव्हेंबर आणि पुढच्या वर्षीची २५ जून या तारखा बाजारात आल्या आहेत. प्रत्येक वेळी तेच तेच टंकायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

हा तारा उत्तर मुकुट या चिमुकल्या तारकासमूहात आहे, आपल्यापासून साधारण ३००० प्रकाशवर्षं. एरवी दहाव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका लहान तितका तारा ठळक), म्हणजे द्विनेत्रीतून अंधाऱ्या जागीही जेमतेम दिसणारा. प्रत्यक्षात ते दोन तारे आहेत: एक तांबडा राक्षसी तारा आणि एक श्वेतबटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा दाट गाभा. साडेदोनशेला थोडे कमी, म्हणजे सुमारे २२७ दिवसांत ते एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. राक्षसी ताऱ्यातला हायड्रोजन श्वेतबटूकडे ओढला जातो आणि त्याच्या पृष्ठभागावर साचत राहतो. साधा वायू तापला की प्रसरण पावतो आणि त्यामुळे निवतो. श्वेतबटूवरच्या थराच्या तळाशी वायू इतका दडपलेला असतो की तापूनही तो पसरत नाही. तिथे हायड्रोजनचं ज्वलन पेटलं की तापमान चढतं, तापमान चढलं की ज्वलन आणखी भडकतं, आणि शेवटी सगळा थर अवकाशात उधळला जातो. हाच नवतारा. दहाव्या प्रतीचा तारा काही तासांत दुसऱ्या प्रतीवर येतो, म्हणजे तेज दीड हजार पटींच्या वर वाढतं. श्वेतबटू मात्र शाबूत राहतो आणि पुन्हा माल गोळा करायला लागतो.

बहुतेक नवताऱ्यांना हे पुन्हा करायला हजारो वर्षं लागतात. इथला श्वेतबटू सूर्याच्या १.३७ पट वस्तुमानाचा आहे, चंद्रशेखर मर्यादेला, म्हणजे श्वेतबटूला पेलता येणाऱ्या कमाल वस्तुमानाला, जवळजवळ टेकलेला. इतक्या गुरुत्वाला पातळ थरही पुरतो. म्हणून हा एका माणसाच्या आयुष्यात पुन्हा फुटू शकतो. आपल्या आकाशगंगेत असे पुनरावर्ती नवतारे आजवर फक्त १० माहीत आहेत.

आता तारखांचं. निर्विवाद नोंदी दोन: १२ मे १८६६ आणि ९ फेब्रुवारी १९४६. मध्ये ८० वर्षांना काही महिने कमी. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ ब्रॅडली शेफर यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळून १७८७ आणि १२१७ सालच्या दोन नोंदीही याच ताऱ्याच्या असाव्यात असं मांडलं. १२१७ ची नोंद जर्मनीतल्या उर्सबर्गच्या मठाधिपतीची आहे. त्या धरल्या तर ८० वर्षांचा ठेका बरा जुळतो. शिवाय १९४६ च्या स्फोटाआधी वर्षभर तारा किंचित मंदावला होता, आणि २०२३ च्या मार्च-एप्रिलपासून तसाच मंदावलेला दिसला. यावरून २०२४ चं भाकीत आलं. यात वावगं काही नाही. शेफर यांनी अनिश्चितताही सांगितली होती, बातम्यांनी ती गाळली.

पुढच्या तारखा मात्र २२७ दिवसांच्या पटीत काढलेल्या आहेत: मागचे स्फोट कक्षेतल्या ठरावीक जागी झाले, तर पुढचाही तिथेच होईल. हे म्हणजे दोन वर्षं पाऊस ७ जूनला आला म्हणून तिसऱ्या वर्षी त्या दिवशी छत्री उघडून दारात उभं राहण्यासारखं आहे. टी पिक्सिडिस हा दुसरा पुनरावर्ती नवतारा आठवा. १८९०, १९०२, १९२०, १९४४, १९६६ असे त्याचे स्फोट झाले. सगळ्यांनी १९८० च्या दशकापासून डोळे लावले, आणि तो फुटला २०११ मध्ये.

शोधायचा कसा: सध्या रात्री दहाला स्वाती जवळजवळ डोक्यावर असतो आणि अभिजित ईशान्येला वर येत असतो. स्वातीकडून अभिजितकडे जाताना एक-तृतीयांश वाटेवर ताऱ्यांची अर्धगोल वाटी दिसते. त्यातला ठळक तारा अल्फेका, प्रत २.२. वाटीच्या पूर्व टोकाला चौथ्या प्रतीचा एप्सिलॉन आहे. त्याच्या जरासं दक्षिणेला, वाटीच्या बाहेर, एरवी डोळ्यांना काहीच दिसत नाही. तिथे अल्फेकाच्या तोडीचा तारा दिसला की समजा. साध्या डोळ्यांनी तो आठवडाभरच दिसेल.

---

नाठाळ | १८ मे, रात्री ११:२२

३००० प्रकाशवर्षं लांब आहे ना? मग स्फोट कधीच होऊन गेलाय. "होणार, होणार" काय लावलंय?

रूपविकारी | १८ मे, रात्री ११:३५

नाठाळराव, हा मुद्दा येणार हे ठाऊक होतं. तुमच्याच हिशोबाने पुढे जाऊ. दर ८० वर्षांनी एक स्फोट धरला, तर ३००० वर्षांच्या वाटेवर पस्तीस-चाळीस स्फोटांचा प्रकाश एकामागोमाग एक आपल्याकडे निघालेला आहे. त्यातला सगळ्यात पुढचा कधी पोचतो एवढाच प्रश्न. खगोलात घटनेची तारीख म्हणजे प्रकाश पृथ्वीवर पोचल्याची तारीख. तसं न धरलं तर अंतराचा अंदाज सुधारला की इतिहासातल्या सगळ्या तारखा बदलाव्या लागतील.

नाठाळ | १८ मे, रात्री ११:३८

पस्तीस-चाळीस! हे डोक्यात आलं नव्हतं. बरं, बसा वाट बघत.

प्राची_स | १९ मे, सकाळी ८:१५

लेख छान. एक शंका. नवतारा आणि अतिनवतारा यांत फरक फक्त तेजाचा का? आणि घरचे विचारताहेत, पृथ्वीला काही धोका?

न्यूट्रिनो | १९ मे, सकाळी ९:५०

प्राचीताई, तेजाचा फरक हा परिणाम झाला. नवताऱ्यात फक्त वरचा थर जातो. अतिनवताऱ्यात ताराच जातो. त्याचे मुख्य मार्ग दोन. एकतर सूर्याच्या आठपट किंवा जास्त वस्तुमानाच्या ताऱ्याचा गाभा इंधन संपल्यावर कोसळतो. नाहीतर श्वेतबटूच आतून पेटून पूर्ण विस्कटतो. रूपविकारींच्या ताऱ्याचंही पुढेमागे तसं होऊ शकतं, कारण तो मर्यादेच्या जवळ आहे. पण दर स्फोटात साचलेल्यापेक्षा जास्त माल उडून जात असेल तर तो कधीच तिथवर पोचणार नाही. यावर अभ्यासकांत एकमत नाही.

धोका नाही. अतिनवताऱ्याने जीवसृष्टीला इजा व्हायची तर तो काही डझन प्रकाशवर्षांच्या आत हवा, आणि तिथे तसा उमेदवार नाही. मात्र दूरच्या स्फोटांची राख इथे पडलेली आहे. समुद्रतळाच्या खडकांत लोह-६० हे किरणोत्सारी लोह सापडलंय. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे २६ लाख वर्षं, म्हणजे पृथ्वी बनताना आलेलं केव्हाच संपलं असणार. जे सापडतं ते गेल्या काही दशलक्ष वर्षांत बाहेरून आलेलं. साधारण २०-३० लाख वर्षांपूर्वी काहीशे प्रकाशवर्षांच्या आत एखादा तारा फुटल्याची ती खूण आहे.

कल्याण_स्लो | १९ मे, सकाळी १०:०५

मग काक्षी? २०२० मध्ये तो फुटणार म्हणून आम्ही कुडकुडत गच्चीवर बसलो होतो.

न्यूट्रिनो | १९ मे, सकाळी १०:३०

काक्षी म्हणजे आर्द्रा नक्षत्राचा तारा. फेब्रुवारी २०२० मध्ये तो १.६ प्रतीपर्यंत मंदावला, पण कारण निघालं धूळ. ताऱ्याने वायूचा लोंढा बाहेर टाकला, तो निवून त्याची धूळ झाली आणि तिने आपल्या बाजूचा प्रकाश अडवला. फुटेल नक्की, फक्त "लवकरच" याचा अर्थ इथे लाखभर वर्षांत असा आहे. साध्या डोळ्यांना स्पष्ट दिसलेला आपल्या आकाशगंगेतला शेवटचा अतिनवतारा १६०४ सालचा, केप्लरचा. त्यानंतर दुर्बीण आली आणि अतिनवतारे थांबले. योगायोग, पण चीड येते.

आणि रूपविकारींच्या "तारखा सोडा" याला एक अपवाद नोंदवतो. गाभा कोसळणाऱ्या अतिनवताऱ्याची आगाऊ सूचना मिळते. २३ फेब्रुवारी १९८७ ला मोठ्या मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेतला तारा फुटला, तेव्हा जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या शोधक उपकरणांनी मिळून सुमारे दोन डझन न्यूट्रिनो (कशातूनही आरपार जाणारे सूक्ष्म कण) पकडले, तेही प्रकाश दिसायच्या जवळपास तीन तास आधी. न्यूट्रिनो गाभ्यातून लगेच सुटतात. धक्कालहरीला ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत यायला वेळ लागतो. आता अशी सूचना सगळ्यांना पोचवणारी यंत्रणाही उभी आहे. तीन तास म्हणजे मुंबईहून कसारा घाटापलीकडे गाडी काढायला पुरेसे.

अण्णा_वाईकर | १९ मे, दुपारी ४:४०

मंडळी, १९४६ चा एक किस्सा राहिला. अमेरिकेत ओहायो राज्यात लेस्ली पेल्टियर नावाचे शेतकरी कुटुंबातले हौशी निरीक्षक होते. डझनभर धूमकेतू त्यांच्या नावावर. या ताऱ्यावर त्यांनी वर्षानुवर्षं नजर ठेवली होती. फेब्रुवारीतल्या त्या पहाटे अडीचचा गजर लावून उठले, घसा खवखवतोय, सर्दी होणार असं वाटलं, पुन्हा पांघरुणात शिरले. स्फोट त्याच रात्री झाला. पुढे त्यांनी लिहून ठेवलंय की त्यानंतर त्या ताऱ्याशी त्यांचं पूर्वीसारखं राहिलं नाही.

आणि दिसला कोणाला? अमेरिकेतल्याच यर्कीस वेधशाळेतल्या आर्मिन डॉइच यांना, तसाच सोव्हिएत रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याला. तो माणूस काही या ताऱ्याची वाट बघत नव्हता. त्याला आकाश पाठ होतं, एक तारा जास्तीचा दिसला, इतकंच.

रूपविकारी | १९ मे, संध्याकाळी ६:१०

अण्णा, दंडवत. धागा काढताना मला हेच म्हणायचं होतं. वाटी पाठ असणाऱ्याला तारीख लागत नाही. १८६६ मध्येही आयर्लंडमधल्या ट्यूम गावी जॉन बर्मिंगहॅम घरी परतताना वर बघत चालले होते, म्हणून हा त्यांना दिसला. चार दिवसांत इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्सने वर्णपट (प्रकाशाचे रंग वेगळे करून घेतलेली नोंद) घेतला आणि त्यात हायड्रोजनच्या ठळक रेषा दिसल्या. नवताऱ्याचा हा पहिला वर्णपट. तेज झपाट्याने उतरतं, त्यामुळे बर्मिंगहॅम आठवडाभराने बोलले असते तर हगिन्सच्या हाती फार काही लागलं नसतं.

कल्याण_स्लो | १९ मे, रात्री ९:२०

वाटी पाठ करायला आधी दिसायला हवी ना. आमच्या गच्चीवरून फक्त अल्फेका दिसतो. वांगणीला पूर्वी सप्तर्षींच्या खालचे बारीक तारेही मोजता यायचे, आता तिथेही बदलापूरचा उजेड चढलाय.

रूपविकारी | १९ मे, रात्री ९:४५

अल्फेका दिसतो ना, मग काम झालं. आपला नवतारा कमाल तेजाला त्याच्याच आसपास असेल. शहरातून तर उलट सोपं: जिथे एकच तारा दिसतो तिथे दोन दिसले की फुटला.

आठवीची_आई | २२ मे, रात्री ८:३०

मुलीचा प्रश्न आहे, मला उत्तर देता आलं नाही. १०५४ सालचा अतिनवतारा चीनमध्ये दिवसा दिसला, तर आपल्याकडे कोणीच का लिहून ठेवलं नाही? आपलं खगोलशास्त्र तर पुढारलेलं होतं.

अण्णा_वाईकर | २२ मे, रात्री ९:१५

मुलीला शाबासकी सांगा. चिनी नोंद ४ जुलै १०५४ ची. २३ दिवस तो भरदिवसा दिसत होता. वृषभ राशीत, म्हणजे जुलैत पहाटे पूर्वेला. आपल्याकडे तेव्हा आषाढ. देशाचा बराच भाग ढगांखाली. हे एक कारण सांगतात.

न्यूट्रिनो | २२ मे, रात्री ९:४०

अण्णा, हे कारण मला अपुरं वाटतं. रात्रीच्या आकाशात तो १०५६ च्या एप्रिलपर्यंत दिसत होता, ६५० च्या वर रात्री. मध्ये दोन हिवाळे स्वच्छ गेले असणार. मला वाटतं, प्रश्न कोण कशासाठी बघत होतं याचा आहे. चीनच्या दरबारात आकाशातल्या अनपेक्षित गोष्टी टिपायला पगारी माणसं होती, कारण पाहुणा तारा हा राजासाठी शकुन-अपशकुन. आपल्या सिद्धान्तकारांचं सगळं बळ ग्रहगणितावर: ग्रहण कधी, ग्रह कुठे. ज्याचं गणितच मांडता येत नाही त्याला करणग्रंथात, म्हणजे ग्रहगणिताच्या पोथीत, जागा कुठे मिळणार? युरोपातूनही तर खात्रीची नोंद नाही.

मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी काश्मीरमधल्या बुर्झहोमच्या एका शिलाचित्रात अतिनवतारा असल्याचं मांडलंय. शिकारीचं दृश्य, वर दोन तेजस्वी गोळे. कल्पना आकर्षक आहे, पण एका चित्रावरून मी पैज लावणार नाही.

आठवीची_आई | २२ मे, रात्री १०:०५

तिला "कोण कशासाठी बघत होतं" हे पटलं. आता विचारतेय की तो तारा आज कुठे आहे.

रूपविकारी | २२ मे, रात्री १०:२०

खेकडा तेजोमेघ, एम-१, साधारण ६५०० प्रकाशवर्षं. हिवाळ्यात लहान दुर्बिणीतून पुसट डाग दिसतो. मधोमध सेकंदाला ३० फेऱ्या मारणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे त्या ताऱ्याचा कोसळून दडपलेला गाभा, आहे. डिसेंबरात तिला गावाकडे घेऊन जा, जरूर दाखवा.

कल्याण_स्लो | २६ मे, दुपारी १:१०

संपलं. मुंबईत मान्सून दाखल, तोही २६ मेला! इतक्या लवकर आल्याची नोंद नाही म्हणे. रूपविकारींची ७ जूनची छत्री घरातच राहिली.

रूपविकारी | २६ मे, दुपारी २:३०

म्हणूनच म्हटलं तारखांवर जाऊ नका 😀

गंमत बाजूला, आपली खरी अडचण हीच आहे. उत्तर मुकुट मध्यरात्री माथ्यावर येतो मे-जूनमध्ये. म्हणजे सगळ्यात सोयीच्या वेळी ढग. स्फोट जून ते सप्टेंबर यात झाला तर कोकण-घाटमाथ्याने विसरावं. नोव्हेंबरात संध्याकाळी पश्चिमेला बुडता बुडता आणि पहाटे ईशान्येला, असा दोन्ही वेळा थोडा थोडा मिळेल.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. हा चढतो काही तासांत, त्यामुळे त्या तासांत पृथ्वीच्या ज्या बाजूला रात्र असेल तिथूनच चढण टिपता येईल. जपान आणि युरोप यांच्या मधल्या पट्ट्यात नियमित नोंदी ठेवणारे थोडे. आपल्याकडे रात्र असते तेव्हा अमेरिकेत दिवस.

न्यूट्रिनो | २६ मे, संध्याकाळी ७:००

म्हणूनच लडाखमध्ये हानलेला ग्रोथ-इंडिया दुर्बीण बसवली. आरसा ७० सेंटीमीटरचा, उंची साडेचार हजार मीटर, पूर्ण यंत्रचालित. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था मिळून चालवतात. हानले पर्जन्यछायेत आहे, आपल्याकडे धो धो कोसळत असतानाही तिथे बऱ्याच रात्री काम चालतं. काम एकच: कुठून इशारा आला की लगेच तिकडे वळायचं.

नाठाळ | २७ मे, सकाळी ९:००

इशारा कुठून येतो? आकाशातून फोन?

न्यूट्रिनो | २७ मे, सकाळी १०:४५

जवळपास तसंच. गॅमा किरण स्फोट घ्या. १९६० च्या दशकात चोरून अणुचाचण्या होतात का हे बघायला अमेरिकेने व्हेला उपग्रह सोडले. त्यांना २ जुलै १९६७ ला गॅमा किरणांची एक चमक सापडली, जी कुठल्याच अणुबाँबशी जुळेना. अशा चमका पृथ्वीवरून वा सूर्यावरून येत नाहीत याची खातरजमा करून १९७३ मध्ये ते जाहीर झालं. पुढे कॉम्प्टन या अवकाशातल्या वेधशाळेने ९ वर्षांत २७०४ स्फोट नोंदवले. ते आकाशभर सारखे विखुरलेले निघाले, आकाशगंगेच्या पट्ट्यात दाटी नाही. म्हणजे ते तिच्या बाहेरचे. १९९७ मध्ये एका स्फोटाच्या मागे उरलेल्या प्रकाशाचा वर्णपट मिळाला आणि अब्जावधी प्रकाशवर्षांचं अंतर पक्कं झालं.

आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर सीझेडटीआय नावाचं उपकरण आहे. बनवलं एका दिशेला बघायला. पण जास्त ऊर्जेच्या क्ष-किरणांना त्याच्या भिंती पारदर्शक ठरतात, त्यामुळे ते चारी बाजूंचे स्फोट टिपतं. काम सुरू झालं त्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ ला, त्याने पहिला गॅमा स्फोट पकडला. आतापर्यंत ६०० च्या वर झाले. ती माहिती तपासली जाते पुण्यात आयुका या खगोल संस्थेत आणि पवईला आयआयटीत.

आणि ९ ऑक्टोबर २०२२ चा तो राक्षस! शर तारकासमूहात, सुमारे २०० कोटी प्रकाशवर्षं लांब. इतक्या लांबून आलेल्या किरणांनी पृथ्वीच्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, खळबळ केली. उपग्रहांवरचे बरेच शोधक काही काळ अक्षरशः दिपून गेले.

कुकडीकाठचा | २७ मे, रात्री ८:१०

आमच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं नाव अजून कसं आलं नाही? ४५ मीटरच्या ३० थाळ्या आहेत. १४ मध्यभागी, १६ तीन बाहूंवर २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. नारायणगावच्या पोरांना विज्ञान दिन म्हटलं की खोडदच आठवतं, २८ फेब्रुवारीला सगळ्यांना आत सोडतात.

प्राची_स | २७ मे, रात्री ८:४०

पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची आखणी त्यामुळेच बदलली ना? एक गाडी गेल्याने दुर्बिणीला असं काय होतं?

कुकडीकाठचा | २७ मे, रात्री ९:३०

गाडी, तिची विजेची तार, आत शेकडो मोबाइल. आणि थाळी ऐकतेय ते संकेत इतके क्षीण की चंद्रावर ठेवलेला एक मोबाइलही तिच्या दृष्टीने झगमगाट ठरेल. खोडद निवडलंच मुळी डोंगरांच्या आडोशामुळे. लोकांना रेल्वे हवी आहे, मलाही हवी आहे. पण थाळ्या उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, रूळ वळवता येतात.

या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीची कथा भारी आहे. २००७ मध्ये लोरिमर आणि नार्केविक या संशोधकांनी तिथल्या २००१ च्या जुन्या नोंदींत काही मिलिसेकंदांचा एक रेडिओ स्फोट शोधला. तेवढ्या क्षणात सूर्याला महिनाभर लागेल इतकी ऊर्जा. पण त्याच दुर्बिणीला तसेच काही विचित्र संकेत मिळायचे, तेही कार्यालयीन वेळेत आणि जेवणाच्या सुमाराला जास्त. त्यामुळे लोरिमरच्या स्फोटावरही संशय. २०१५ मध्ये छडा लागला: मायक्रोवेव्ह ओव्हन बंद व्हायच्या आधीच कोणीतरी दार उघडायचं. लोरिमरचा स्फोट मात्र खराच ठरला.

रूपविकारी | २७ मे, रात्री १०:००

आणि २८ एप्रिल २०२० ला आपल्याच आकाशगंगेतल्या एका मॅग्नेटारने, म्हणजे प्रचंड चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्याने, तसा स्फोट केला, त्यामुळे निदान काही स्फोटांचा कर्ता सापडला. सगळ्यांचा तोच असेल असं नाही.

हिंगोलीकर | २ जून, सकाळी ११:२०

आमच्या औंढा नागनाथला लायगो होणार त्याचा या सगळ्याशी संबंध आहे का? इथे लोकांना वाटतं दुर्बीणच येणार आहे.

न्यूट्रिनो | २ जून, दुपारी १:१५

थेट संबंध आहे, हिंगोलीकर. लायगो म्हणजे गुरुत्वीय लहरी, अवकाशातच उठणारे तरंग, टिपणारी यंत्रणा. १७ ऑगस्ट २०१७ ला, आपल्या वेळेनुसार संध्याकाळी ६:११ ला, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतल्या दोन लायगोंनी पकडल्या. १.७ सेकंदांनी गॅमा किरणांची चमक आली. पण आकाशात बघायचं कुठे? इटलीतल्या व्हर्गो या तशाच यंत्रणेला संकेत जेमतेम मिळाला, आणि त्या "जेमतेम" वरूनच कळलं की स्रोत तिच्या आंधळ्या दिशेत आहे. शोधाचं क्षेत्र आक्रसून २८ चौरस अंशांवर आलं. ११ तासांत चिलीतल्या एक मीटरच्या स्वोप दुर्बिणीने १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ दीर्घिकेत नवा ठिपका शोधला. सोन्या-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्यं अशा टकरीत तयार होतात याचा पुरावा त्यातून मिळाला. पुढे जीएमआरटीनेही त्याचा रेडिओ प्रकाश टिपला.

एकमेकांपासून जितके दूर शोधक, तितकी दिशा नेमकी. औंढ्याचं महत्त्व ते. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी दिली. दुर्बीण नसेल, चार-चार किलोमीटरचे दोन बाहू असतील, आत लेसर. वर बघायला तिथे काही नसेल.

हिंगोलीकर | २ जून, दुपारी १:४०

हे आता चहाच्या टपरीवर समजावून सांगतो. 🙏

अण्णा_वाईकर | १२ जून, सकाळी ७:३०

या सगळ्या प्रकारात आपल्या कुरुंदवाडचं नाव राहून जाऊ नये. श्रीनिवास कुलकर्णी तिथे जन्मले. कॅलिफोर्नियातल्या पॅलोमार वेधशाळेत दर दोन-तीन रात्रींत उत्तरेचं अख्खं आकाश चाळून बदललेलं काय ते शोधायची यंत्रणा त्यांनी उभी केली. २०२४ चा शॉ पुरस्कार त्यासाठीच, शिवाय मिलिसेकंद पल्सार (सेकंदाला शेकडो फेऱ्या मारणारे न्यूट्रॉन तारे) आणि गॅमा स्फोटांवरच्या कामासाठी.

मेलबर्नकर | १९ जून, दुपारी ३:५०

तुम्ही मुकुटाकडे बघत बसलात आणि इकडे वृक तारकासमूहात दुसराच फुटला! १२ जूनला स्वयंचलित सर्वेक्षणाने शोधला, तेव्हा नवव्या प्रतीच्या आसपास होता. नाव मिळालंय व्ही४६२ लुपी. कोणाच्या यादीत नव्हता, कोणी तारीख दिली नव्हती. आमच्याकडे संध्याकाळी थेट माथ्यावर येतो. काल शहराबाहेर गेलो, साध्या डोळ्यांनी कडेकडेने बघितला तर जेमतेम, द्विनेत्रीत स्पष्ट. मी ५.७ प्रत धरली.

कल्याण_स्लो | १९ जून, दुपारी ४:०५

इथे चंद्र दिसला तरी पेढे वाटू अशी अवस्था आहे.

रूपविकारी | १९ जून, रात्री ९:००

जियो! महाराष्ट्रातून तो दक्षिणेला ३० अंशांच्या आसपास चढतो, वृश्चिक आणि नरतुरंग यांच्या मधे. मराठवाडा-विदर्भात ढग फाटले तर द्विनेत्री घेऊन बाहेर पडा. मेलबर्नकर, तुलनेला कोणते तारे घेतलेत?

न्यूट्रिनो | २४ जून, सकाळी ११:००

काल व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली चित्रं आली. चिलीत ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा. पूर्ण वेगाने चालू लागली की रात्रीला एक कोटीपर्यंत बदलांचे इशारे अपेक्षित आहेत. पेल्टियरसारख्यांचं आता काय काम, असं कोणी म्हणेल.

अण्णा_वाईकर | २४ जून, दुपारी १२:१०

दुसऱ्या प्रतीचा तारा त्या कॅमेऱ्याला झेपणार आहे का?

न्यूट्रिनो | २४ जून, दुपारी १२:२५

नाही. अठराव्या प्रतीच्या आसपासचे तारेही त्याला जास्त तेजस्वी होऊ लागतात. शिवाय उत्तर मुकुट त्याच्या मुख्य सर्वेक्षणाच्या बाहेर पडतो. अण्णा, जिंकलात.

मेलबर्नकर | २८ जून, सकाळी ६:४०

उशिराबद्दल क्षमस्व. आता व्हेला तारकासमूहातही एक फुटलाय, २५ तारखेला सापडला, पाचव्या प्रतीच्या आत आलाय. एकाच वेळी साध्या डोळ्यांच्या टप्प्यात दोन नवतारे! तुलनेचं विचारलंत: व्ही४६२ साठी एएव्हीएसओ या रूपविकारी तारे नोंदवणाऱ्या संघटनेच्या नकाशावरचे ५.४ आणि ६.० असे दोन तारे घेतले होते, नवतारा बरोबर मधे वाटला. पहिल्यांदाच नोंद पाठवतोय. वेळ मेलबर्नची लिहू की भारताची?

रूपविकारी | २८ जून, सकाळी ७:२०

दोन्ही नको, जागतिक वेळ लिहा. तुमच्या वेळेतून १० तास वजा. इकडून पाठवणाऱ्यांनी साडेपाच. भारतात पहाटे साडेपाचच्या आत घेतलेल्या नोंदीची तारीख एक दिवसाने मागे जाते, तिथे बहुतेक जण फसतात. आणि ढगांमुळे काही दिसलं नाही तर ती रात्र सोडून द्या. आकाश स्वच्छ असूनही तारा दिसला नाही, तर मात्र तेही पाठवा, त्या रात्री कुठल्या प्रतीपर्यंतचे तारे दिसत होते ते लिहून.